कोनाड्यातला कप

माझा लेक नऊ महिन्यांचा होता तेव्हा मामांनी त्याला पिराचा फकीर केला. मामा म्हणजे माझे सासरे. नवस बोलले ते, पण लेकरू माझ्या मांडीवर होतं आणि मान मीही हलवली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर चिडले तर वाचणाऱ्यानं लगेच माझी बाजू घेऊ नये.

ताप उतरत नव्हता. बिदरच्या दवाखान्यातून घरी आणलं तरी पोर डोळे उघडत नव्हतं. मोहरमचे दिवस होते, आमच्या ओट्यासमोरून पिरांची, म्हणजे काठीवर बसवलेल्या पंजांची, सवारी चालली होती. मामा ओट्यावर उभे राहिले, डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "हे वाचू दे, लग्नापर्यंत तुझा फकीर." चौथ्या दिवशी ताप उतरला. औषधानं उतरला असं मी म्हणते, पिरानं उतरवला असं ते म्हणतात. त्यावरून आम्ही कधी भांडलो नाही. ताप उतरला होता, आणखी काय पाहिजे होतं.

आमचं घर लिंगायत. गाव भालकीच्या बाजूचं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात जे समोरच्याला कळेल ते. आपल्यात असले नवस बसत नाहीत हे मला माहेरी, उदगीरला, चांगलं शिकवलेलं. पण इकडं मोहरम सगळ्या गावाचा. ज्या खोलीत पीर बसतात त्या आशुरखान्याची भिंत दरवर्षी सारवायची ती लिंगायतांच्या बायकांनी, आणि सवारीपुढं हलगी वाजणार ती मांगवाड्यातली. हे असंच चालत आलंय म्हणून कुणी त्याचं कौतुकही करत नाही.

फकिरी म्हणजे फार काही नसतं. दहा दिवस गळ्यात लाल-हिरवा धागा घालायचा, झोळी घेऊन पाच घरची ज्वारी मागून आणायची, ती आशुरखान्यात द्यायची, आणि दहाव्या दिवशी मुजावरानं, म्हणजे पिराचं बघणाऱ्यानं, धागा काढून घ्यायचा. दरवर्षी असं. लग्नाच्या आधीच्या वर्षी मात्र धागा काढत नाहीत, कापतात. मग फकिरी उतरली, नवस फिटला, माणूस मोकळा. आणि जो फकीर, त्यानंच ते करायचं. दुसऱ्यानं त्याच्या नावानं केलेलं चालत नाही.

दहावीपर्यंत पोरगं मोहरमची वाट बघायचं. शरबत प्यायचं, गुळाचा मलिदा खायचा, मुजावरचाचांच्या खांद्यावर बसून सवारी बघायची. एका वर्षी धागा काढायला तयारच होईना. शाळेत धागा घालून गेला तर गुरुजींनीही काही म्हटलं नाही.

पुढं बिदरला आयटीआय झालं, तिथल्याच कोळार भागातल्या एका कारखान्यात लागला, जवळच मैलूरमध्ये चार पोरांत मिळून खोली केली. त्या चार पोरांचे आणखी चाळीस मित्र होते. हळूहळू कपाळावर टिळा आला, मनगटात भगवा गोफ आला. गळ्यातलं इष्टलिंग दिसेना म्हणून विचारलं तर म्हणाला, "पेटीत हाय." मोहरमला यायचं बंद झालं. पहिल्या वर्षी म्हणाला ड्युटी आहे, दुसऱ्या वर्षी म्हणाला ड्युटी आहे, तिसऱ्या वर्षी म्हणाला, "मला नगं विचारूस आई, तुला ठाऊक हाय."

ठाऊक होतं. तोवर त्याचं लग्न ठरलं नव्हतं म्हणून मी गप्प बसले. ते ठरलं, तारीख दिवाळीनंतरची निघाली, आणि मामांनी सुपारी फुटल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगितलं, "अवंदा फकिरी उतरली पायजे. न्हाई उतरली तर माझ्या हातची अक्षता न्हाई."

ब्याऐंशी वर्षांचा माणूस. घरात एकुलता एक नातू. आणि तोंडातून निघालेला शब्द मागं घ्यायची त्यांना सवयच नाही. मी त्यांना म्हणलंही, "मामा, नवस त्या लेकरानं बोलला न्हवता, तुमी बोललाव. सोडा की त्याला." ते म्हणाले, "म्हणूनच. मी बोललोय. उद्या मला जायचंय, हे घेऊन जाऊ का?" म्हाताऱ्या माणसाला भीती वाटत होती आणि ती भीती खरी होती.

मग मी लेकाच्या मागं लागले. मी ब्लाउज शिवते. मशीन ओट्याच्या खिडकीशी आहे, तिथं बसलं की आतलं घर पाठीशी आणि रस्ता तोंडासमोर. दिवसभर पायानं मशीन चालायची आणि डोक्यात वाक्यं. रविवारी तो आला की हे बोलायचं, मग तो असं म्हणेल, मग आपण असं म्हणायचं. बाह्या उलट्या जोडल्या गेल्या दोन वेळा. रविवारी तो यायचा, जेवायचा, आणि माझं पहिलं वाक्य संपायच्या आत म्हणायचा, "आई, तू लई भोळी हायस."

ह्या शब्दाचा मला जितका राग आहे तितका शिवीचा नाही. भोळी म्हणलं की संपलं, पुढं तुमचं काही ऐकायची गरजच नाही. तो मोबाईल काढून दाखवायचा, हे बघ कुठं काय झालं, हे बघ हा काय बोलायलाय. मी म्हणायची, हे आपल्या गावातलं आहे का. तो म्हणायचा, उद्या हुईल. मी त्याला चाचांच्या खांद्याची आठवण द्यायची. तो म्हणायचा, "चाचा चांगलेच हाएत गं. मी चाचांचं कुठं म्हणायलोय?" त्याच्याकडं व्हिडिओ होते, माझ्याकडं आठवणी. व्हिडिओ तो परत लावून दाखवू शकत होता.

एकदा मी रडलेही. दुःखानं नाही, रागानं. तो घाबरला, पाणी आणून दिलं, पाय दाबू का म्हणाला. सगळं करायला तयार, फक्त ते एक सोडून. मला त्याला दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या आणि जवळही घ्यावं वाटलं, आणि दोन्ही केलं नाही, कारण तो सव्वीस वर्षांचा होता.

माझे मालक ह्या सगळ्यात कुठं होते म्हणाल तर शेतात. घरात आवाज जरा चढला की त्यांना मोटार चालू राहिल्याचं आठवतं. आमच्या मोटारीइतकी काळजी बिदर जिल्ह्यात कोणत्या मोटारीला मिळाली नसेल.

मोहरमच्या महिनाभर आधी एका रविवारी दोघं एका पंगतीला बसले, आजा आणि नातू. मी भाकरी वाढत होते. मामा म्हणाले, "येणार का न्हाई एवढं सांग."

"न्हाई, अज्जा."

"कामून?"

"आपल्या धर्मात नवस हाय का? आपल्या शरणसंतांनी काय सांगितलंय ते तूच मला शिकवलास."

"मग तुझं लिंग पेटीत कामून हाय? तेवढं बरं ऐकलास शरणांचं."

लेक गप्प झाला. मला वाटलं चला, एकदा तरी गप्प झाला. मग त्यानं हातातला घास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "अज्जा, तुला पीर पायजे. सवारी पायजे. नातू फकीर पायजे. आन् पिराच्या माणसाला चहा कोणत्या कपात देतूस?"

त्या कपाचं आता सांगायला हवं. आमच्या ओट्याच्या भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात एक पांढरा कप पालथा असतो, निळ्या काठाचा, कान तुटलेला. मुजावरचाचा आले की ओट्यावर बसतात. मी आतून चहा आणून वरून त्या कपात ओतते. ते पितात, रांजणातलं पाणी घेऊन कप स्वतः विसळतात, कोनाड्यात पालथा ठेवतात आणि जातात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं पितळेची वाटी होती, मग हा कप आला. पीर दारात आला की मामा त्याच्या पायावर पाणी घालतात, आणि त्या पिराला उचलणाऱ्या हाताचा कप उंबऱ्याच्या बाहेर.

"तो कप फोडून टाक," लेक म्हणाला. "चाचाला घरात बोलवून तुझ्या पेल्यात चहा दे, माझ्यासमोर. मी त्याच दिवशी धागा बांधतो. तुझी आण."

मामांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकर तशीच होती. मालकांना मोटार आठवली.

मी मात्र आतून हरखले, खरं सांगते. मला वाटलं एवढंच ना? एक कान तुटका कप. इतके दिवस मी डोंगराला धडका देत होते आणि इथं नुसती कडी काढायची होती. लेकानं हे मनापासून म्हटलं होतं की म्हाताऱ्याला कोंडीत धरायला, ह्याचा मी विचारच केला नाही. आता मी मामांच्या मागं लागले.

मामांचं उत्तर सरळ होतं. "त्याला वाईट वाटतंय का? त्याच्या बापाला न्हाई वाटलं, त्याला न्हाई वाटत. जा इचार त्याला." मी म्हणलं, मामा, कोण तोंडानं सांगल का. ते म्हणाले, "तुला दुसऱ्याच्या मनातलं लई कळायलंय आजकाल." मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी औषधाची गोळी मागितली, चौथ्या दिवशी मी परत सुरू केलं. मी चिवट आहे. लेकाला चिवटपणा माझाच आलाय, आणि मला तो मामांकडून शिकावा लागलाय.

मग एका दुपारी मामा भालकीला दवाखान्यात गेलेले, घरात मी एकटी, आणि चाचा आले. आशुरखान्याला चुना मारायचा होता, त्याचं सांगायला. बसले ओट्यावर. मी आतून चहा आणला, कोनाड्यातून कप काढला, ओतला. ते फुंकर मारत प्यायला लागले. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणलं, "चाचा, एक विचारू का? ह्या कपाचं तुम्हाला वाईट वाटतं का?"

ते हसले. त्यांचे खालचे दात पडलेत. "अब क्या बोलना बेटी. इत्ती उमर गुजर गई."

"न्हाई, खरं सांगा. मी मामांना सांगायलेय, हे बंद करा म्हणून. रोज सांगायलेय."

"हौ?" ते म्हणाले. मग हातातल्या कपाकडं बघितलं. "मामा कहाँ गए?"

"दवाखान्यात. संध्याकाळी येतील."

"घर में और कोन है?"

"कुणी न्हाई."

टोमणा मारायचा चाचांचा स्वभावच नाही. त्यांनी चहा संपवला, उठले, पाणी घेतलं, कप विसळला आणि पालथा ठेवला. मला मात्र उंबऱ्यात उभ्या उभ्या कळलं. मामा नव्हते. मालक नव्हते. बघायला एक मांजर नव्हतं. आणि माझा हात आपोआप कोनाड्याकडं गेला होता. आजच नव्हे, तीस वर्षांत मामा घरी नसताना चाचा कितीतरी वेळा येऊन गेले होते, आणि एकदाही माझा हात आतल्या मांडणीकडं गेला नव्हता. मी मामांच्या मागं हात धुवून लागले होते, लेकाला शहाणपणा शिकवत होते, आणि कप देणारी मी होते. मामांनी तर त्या कपात कधी चहा ओतलाच नव्हता.

मला इतकी लाज वाटली की मी मशीनवर जाऊन बसले आणि कुणाचा तरी ब्लाउज उसवून परत शिवला, काही बिघडलेलं नसताना.

आठ दिवसांनी चाचा परत आले तेव्हा मामा ओट्यावरच्या बाजेवर बसलेले होते. मी आतून घरातल्या स्टीलच्या पेल्यात चहा आणला आणि चाचांच्या हातात दिला. कोनाड्याकडं बघितलंसुद्धा नाही. मामांनी पेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि रस्त्याकडं बघायला लागले. चाचांनी पेला दोन्ही हातांनी धरला. त्यांना तो भाजत होता की काय, सारखा ह्या हातातून त्या हातात करत होते. चहा संपला. मी पेला घ्यायला हात पुढं केला. तोवर ते सवयीनं उठलेच होते. रांजणाचं पाणी घेतलं, पेला विसळला, आणि कोनाड्यात कपाच्या शेजारी पालथा ठेवून दिला.

मामांनी तो तिथून आत येऊ दिला नाही. "तिथंच असू दे," एवढंच म्हणाले. मी हट्टानं उचलून आत नेला तर त्या दिवशी त्यांनी घरातलं पाणी घेतलं नाही, तहान लागली तेव्हा शेजारी गेले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस उन्हात तांब्या घेऊन शेजाऱ्याच्या दारात. मी पेला परत कोनाड्यात ठेवला. आता बाहेर दोन भांडी झाली. एवढं माझ्या हातून घडलं.

लेकाला फोनवर सांगितलं. वाटलं, एवढं तरी मोजेल. तो सगळं ऐकून म्हणाला, "ते तू दिलीस आई. मी अज्जाचं म्हणलं होतं." मी म्हणलं, अरे, ते बसलेले होते समोर, नको म्हणले नाहीत. तो म्हणाला, "मग आता पेला कुठं हाय?" मी फोन ठेवून दिला. खोटं बोलायला त्या दिवशी सुचलं नाही.

मोहरम आला. पहिल्या दिवशी चाचा धागा घेऊन आले आणि मामांच्या हातात देऊन गेले, पोरगं आलं की बांधा म्हणून. मामा रोज सकाळी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसायचे, धागा मुठीत. बिदरची एसटी फाट्यावर थांबली की मान वर. मी मशीनवर बसून ते सगळं बघायची, माझी पाठ घराकडं आणि तोंड त्यांच्याकडं, उठून जायलाही जागा नव्हती. नवव्या दिवशी मी लेकाला फोन लावला आणि काही न बोलता नुसता धरून ठेवला. त्याच्या मागं मशिनींचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "माझी अट तिथंच हाय, आई. त्याला सांग." मी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "माझा शब्द बी तिथंच हाय." दोघांच्या मधे मी निरोप्या. असं वाटायचं दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी. पण कोंडलेली मीच होते, ते दोघं आपापल्या जागी मजेत उभे होते.

दहाव्या दिवशी संध्याकाळी सवारी ओट्यापुढं थांबली. मामांनी पिराच्या पायावर पाणी घातलं. धागा त्यांनी परत दिला नाही. आत येऊन देवघराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवला.

लग्न भालकीच्या फंक्शन हॉलमध्ये झालं. मामा येतील की नाही इथून सुरुवात होती, पण आले. नवा शर्ट, नवा पटका. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. मी व्यासपीठावर नवरीच्या मागं उभी होते, तिथून ते नीट दिसत होते. अक्षतांचं ताट फिरत आलं. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, कुंकवात रंगवलेल्या. मामांनी ताटातून मूठभर ज्वारी घेतली. मंगलाष्टक संपलं, वाजंत्री कडकडली, सगळ्या हॉलचे हात वर गेले आणि ज्वारी पावसासारखी आली. मामांची मूठ गुडघ्यावरच होती. सगळं शांत होईपर्यंत तशीच होती. लेकाचं तोंड नवरीकडं होतं, त्यानं ते पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी लेक आणि सून मैलूरला जायला निघाले. मी सकाळपासून धुणं घेऊन बसले होते, लग्नाचे कपडे सगळे पडलेले. मामांचा नवा शर्ट पाण्यात टाकण्याआधी खिसा चाचपला. सुपारी, दवाखान्याची चिठ्ठी, आणि तळाशी लाल ज्वारी. मूठभर. हॉलमध्येच टाकून द्यायची तर खिशात घालून घरी आणलेली. मी ती पदराच्या टोकाला बांधली, का बांधली ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

लेक गाडीला पिशव्या बांधत होता. सून आत मामांच्या पाया पडत होती. तो माझ्याकडं न बघता, दोरी ओढत म्हणाला, "आई, अज्जानं अक्षता टाकल्या का गं?"

वर्षभर ह्या पोराचं एकही पाऊल मागं आलं नव्हतं. आणि आता गाठ दोनदा बसली तरी दोरी ओढतच होता.

"टाकल्या की," मी म्हणलं. "मी बघितलं."

"खरं?"

"व्हय. मूठभर टाकल्या."

त्यानं मान हलवली. "मला वाटलंच व्हतं," म्हणाला, आणि चेहरा पार लहानपणीचा झाला. वर्षभर मी त्याला जे जे सांगितलं ते सगळं खरं होतं आणि त्यातलं त्यानं एक घेतलं नव्हतं. हे त्यानं लगेच मानलं. सून बाहेर आली, गाडी चालू झाली, दोघं फाट्याकडं वळेपर्यंत मी हात हलवत होते. मग ओट्यावर वळले तर मामा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या पदराच्या गाठीकडं त्यांनी बघितलं, आणि मी त्यांचा शर्ट घेऊन धुवायला बसले.